'जाताना' ला इंग्रजीत काय म्हणायचं?

परवा बॅचमधल्या एका पोराचा सकाळी सकाळी मेसेज आला, इंग्रजीतच लिहिलेला, कारण मीच सांगून ठेवलंय की सुट्टी पाहिजे असली तर इंग्रजीत मागायची. मेसेज असा होता: "मॅडम, व्हाइल कमिंग ऑन बाइक फ्रॉम कागल, अ डॉग केम इन फ्रंट अँड आय फेल डाउन." आधी फोन करून विचारलं किती लागलंय, तर गुडघा खरचटलाय एवढंच म्हणाला, जिवात जीव आला. पण नंतर दिवसभर ते वाक्य काही डोक्यातनं जाईना. कारण मराठीत हेच वाक्य एकदम खणखणीत आहे, "कागलवरनं गाडीवर येताना कुत्रं आडवं आलं आणि मी पडलो", यात गाडीवर कोण होतं असा प्रश्न कुणाला पडतच नाही. इंग्रजीत मात्र त्या वाक्याचा नियमानं अर्थ लावला तर गाडी कुत्रं चालवत होतं.

मी कोल्हापुरात संध्याकाळी स्पोकन इंग्लिशच्या बॅच घेते. दहावी-बारावीची पोरं असतात, नर्सिंगच्या मुली असतात, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत काम करणारी, आता प्रमोशन मिळालंय म्हणून इंग्रजी शिकायला आलेली मोठी माणसंही असतात. शब्द पाठ असतात सगळ्यांचे, टेन्सही बऱ्यापैकी येतात. पण एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टी एका वाक्यात सांगायची वेळ आली की सगळे एकाच जागी अडखळतात, आणि मला हळूहळू असं लक्षात आलं की त्यात त्यांचं इंग्रजी कच्चं असण्यापेक्षा मराठी फार पक्कं असण्याचा भाग जास्त आहे. मराठीतला '-ताना' इतका सोयीचा आहे की त्याच्या जागी इंग्रजीत पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू लागतात हे कुणी आपल्याला सांगितलेलंच नसतं.

बघा ना. जाताना, येताना, जेवताना, बोलताना. या '-ताना' ला कुणाचीही क्रिया चालते. "मी बोलताना मध्ये बोलू नकोस" यात बोलणारी मी आणि गप्प बसायचंय तुला, तरी चालतं. काळही सांगायला लागत नाही, जाताना भेटला, जाताना भेटतो, जाताना भेटेल, 'जाताना' आहे तसंच. क्रिया लांब आहे का क्षणाची तेही विचारत नाही. इंग्रजी एवढं सैल सोडत नाही. कुठली क्रिया चालू होती आणि कुठली मध्येच घडली, दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या का वेगवेगळ्या, आणि हे कधीचं आहे, हे सगळं तिला आधी ठरवून पाहिजे.

शाळेत आपण मिश्र वाक्य शिकलोय, त्यात एक मुख्य वाक्य आणि एक गौण वाक्य. गौण म्हणजे जे एकटं उभं राहू शकत नाही ते. "मी अंघोळ करत असताना" एवढंच म्हणून कुणी थांबलं तर समोरचा म्हणणार, बरं मग, पुढं? इंग्रजीतही तसंच आहे, "व्हाइल आय वॉज हॅविंग अ बाथ" म्हणून थांबता येत नाही. या गौण वाक्याच्या तोंडाशी कुठला शब्द बसवायचा, व्हाइल का व्हेन का ॲज, आणि आत क्रियापद कसं ठेवायचं, एवढाच सगळा प्रश्न आहे.

मी फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढते आणि तिच्यावर मध्येच कुठंतरी एक टिंब देते. रेघ म्हणजे चालू असलेली क्रिया, अंघोळ चाललीय, भाकरी थापणं चाललंय, पाऊस पडतोय. टिंब म्हणजे घडून गेलेली, फोन वाजला, तवा पडला, लाइट गेली. व्हाइल हा शब्द रेघेचा आहे, टिंबाचा नाही. "व्हाइल आय वॉज हॅविंग अ बाथ, द फोन रँग", बरोबर, अंघोळ रेघ आहे. "व्हाइल ही केम, आय वॉज स्लीपिंग" हे चूक, कारण 'केम' टिंब आहे, येऊन पोचायला वेळ लागत नाही. तिथं "व्हेन ही केम, आय वॉज स्लीपिंग". व्हेन मात्र दोन्हीकडं चालतो, टिंबालाही आणि रेघेलाही, म्हणजे "व्हेन आय वॉज हॅविंग अ बाथ, द फोन रँग" असं म्हटलं तरी कुणी हरकत घेणार नाही. त्यामुळं अगदीच गोंधळ झाला तर व्हेन वापरा म्हणून मी नवीन पोरांना सांगते, निम्म्या चुका तिथंच वाचतात.

आणि रेघ म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला लागू नये खरंतर. आपल्याकडं "काय करालास?" विचारलं की "जेवालोय" असं उत्तर येतं, पुण्याचा माणूस "जेवतोय" म्हणेल. आपलं हे जेवालोय, करालोय, बोलालोय म्हणजे सरळसरळ रेघ आहे, चालू आहे, संपलेलं नाही. आणि मागच्या काळात "मी जेवालतो तवा त्येचा फोन आला" म्हणतो की आपण. जेवालतो ही रेघ, फोन आला हे टिंब, 'तवा' हा जोडणारा शब्द. "आय वॉज ईटिंग व्हेन ही कॉल्ड." शब्दाला शब्द बसतो. घरात असं बोलायची लाज वाटते म्हणणारी पोरं असतात बॅचमध्ये, त्यांना मी मुद्दाम हे फळ्यावर लिहून दाखवते, कारण तुमच्या आजीचं वाक्य इंग्रजीच्या वाक्याला प्रमाण मराठीइतकंच नीट जुळतंय, मग लाजायचं कशाला.

व्हाइल या शब्दाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत हा मुळात नाम होता, अर्थ 'वेळ', थोडा काळ. अजूनही "वेट फॉर अ व्हाइल" म्हणतात त्यात तोच जुना अर्थ जिवंत आहे, थोडा वेळ थांब. 'ज्या वेळेत' असं म्हणता म्हणता तो जोडणारा शब्द होऊन बसला. आपल्याकडं जातेवेळी, निघतेवेळी म्हणतात त्यात तरी दुसरं काय झालंय? वेळ हाच शब्द क्रियापदाला चिकटलाय. म्हणून व्हाइल कुठं बसेल असा प्रश्न पडला की मनात 'त्या सगळ्या वेळात' असं ठेवून बघायचं. "तो आला त्या सगळ्या वेळात मी झोपले होते", कसंतरीच वाटतं ना, मग तिथं व्हाइल नको.

आता दोन्हीकडं रेघा असतील तर? गुऱ्हाळावर कधी गेला असाल तर डोळ्यासमोर आणा. एकजण घाण्यात ऊस सारतोय, एकजण चुलवाणात चिपाड टाकत जाळ सांभाळतोय, काहीलीत रस उकळतोय आणि गुळव्या वर आलेली मळी काढत उभा आहे. कुणाचंच काम टिंब नाही, सगळ्या रेघा एकमेकींच्या शेजारनं चालल्यात. इथं व्हाइल एकदम घरचा. "व्हाइल वन ब्रदर वॉज फीडिंग द केन, द अदर वॉज वॉचिंग द फायर." दोन्हीकडं वॉज आणि आयएनजी. रोजचं, सवयीचं काम सांगायचं असेल तर साधा वर्तमानकाळ पुरतो, "आय लिसन टु द रेडिओ व्हाइल आय मेक भाकरी". इथं ॲम मेकिंग म्हणायची गरज नाही.

आणि दोन्ही टिंबं असली की एकाच वेळी हा अर्थच बहुतेक वेळा निघून जातो, एकामागनं एक होतं. राधानगरीच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेलं ते धरण, पाणी भरलं की दरवाजे आपोआप उघडतात हे इथल्या लहान पोरालाही माहितीय. "व्हेन द डॅम फिल्स, द गेट्स ओपन." आधी भरलं, मग उघडले. मराठीत आपण इथं "भरताना उघडतात" म्हणत नाही, "भरल्यावर" म्हणतो. म्हणजे मराठीत 'भरल्यावर' आणि 'भरत असताना' असे दोन वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीत दोन्हीला व्हेन चालतो, फरक क्रियापदाच्या रूपावरनं कळतो. 'फिल्स' म्हटलं की भरल्यावर, 'इज फिलिंग' म्हटलं की भरत असताना. वाचताना हे लक्षात ठेवलं तर पॅसेजचे प्रश्न सोपे जातात.

ॲज या शब्दाला मात्र मी जास्त वेळ देते, कारण तो सगळ्यात सुंदर आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. त्याच्यासाठी माझ्याकडं एकच उदाहरण आहे आणि ते मी कधी बदलत नाही. अंबाबाईचा किरणोत्सव. देवीचं तोंड पश्चिमेला आहे, आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये मावळतीची किरणं महाद्वारातनं आत शिरून थेट गाभाऱ्यापर्यंत जातात. ज्यांनी गर्दीत उभं राहून बघितलंय त्यांना माहितीय की किरणं एकदम येऊन पडत नाहीत, ती सरकतात. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी किरणं वर चढतात, आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, आणि ढग आडवा आला नाही तर चेहऱ्यापर्यंत. हे जे 'जसजसा-तसतशी' आहे ना, ते म्हणजे ॲज. "ॲज द सन गोज डाउन, द लाइट क्लाइम्ब्स." दोन गोष्टी नुसत्या एकाच वेळी होत नाहीयत, दोन्ही बदलतायत, एकीच्या बरोबरीनं दुसरी पुढं सरकतेय. व्हाइल इथं ठेवला तर व्याकरण मोडत नाही पण ती सरकण्याची जोडी तुटते, दोन रेघा शेजारी-शेजारी नुसत्या पडून राहतात.

असं जिथं जिथं काहीतरी वाढतंय, कमी होतंय, जवळ येतंय, तिथं ॲज आठवा. पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो आपण सगळे, 39 फूट झाली की इशारा, 43 झाली की धोका. "ॲज द वॉटर रोज, पीपल मूव्ह्ड देअर कॅटल टु हायर ग्राउंड." पाणी चढत गेलं तसतशी लोकांनी जनावरं वर हलवली. 2019 चा पूर बघितलेल्या माणसाला या वाक्यातला ॲज समजावून सांगायला लागत नाही, नुसतं वाचलं तरी पोटात गोळा येतो.

ॲजचं दुसरं काम टिंब-टिंब जोडायचं, म्हणजे अगदी नेमक्या त्याच क्षणी. "जस्ट ॲज आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट." मी सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडला, पोचायला आणि बस सुटायला एकच गाठ पडली. इथं जस्ट जोडलं की नेमकेपणा येतो. पण ॲजची एक भानगड आहे, त्याचा 'कारण' असाही अर्थ होतो. "ॲज आय वॉज ड्रायव्हिंग, आय डिड नॉट टेक द कॉल", गाडी चालवत होते तेव्हा का चालवत होते म्हणून? दोन्ही निघतं. ऑफिसच्या मेलमध्ये जिथं अर्थ पक्का पाहिजे तिथं कारण असेल तर सरळ बिकॉज लिहा, वेळ असेल तर व्हाइल. गंमत म्हणजे हा इवलासा ॲज आणि ऑल्सो हे दोन्ही एकाच जुन्या शब्दातनं आलेत, ॲज म्हणजे ऑल्सो झिजून झिजून उरलेला तुकडा, म्हणून असेल कदाचित, एवढ्या कामांना पुरतो.

आता व्हेनचं एक रूप असं आहे जे पुस्तकात सापडतं पण कुणी मराठीशी जोडून सांगत नाही. "आय वॉज अबाउट टु लीव्ह व्हेन इट स्टार्टेड टु रेन." याचं मराठी पोरं करतात, "जेव्हा पाऊस सुरू झाला तेव्हा मी निघणार होते." व्याकरणानं ठीक, पण जीवच गेला वाक्यातला. आपण कसं बोलू? "मी निघणारच होते, तेवढ्यात पाऊस आला." बस्स. वाक्याच्या शेवटच्या भागात आलेला व्हेन म्हणजे 'तेवढ्यात', 'इतक्यात'. बातमी त्या व्हेनच्या पुढं असते, आधीचं सगळं नुसती तयारी. उलटही करून बघा, तुम्हाला इंग्रजीत 'तेवढ्यात' म्हणायचं असेल तर 'सडनली' टाकायची सवय सोडा आणि व्हेन शेवटी आणा, वाक्य एकदम चांगल्या इंग्रजीसारखं वाटायला लागतं.

आता त्या कुत्र्याकडं येऊ.

इंग्रजीत व्हाइलच्या पुढं कर्ता गाळून नुसतं आयएनजीचं रूप ठेवता येतं, "व्हाइल कमिंग", "व्हाइल ड्रायव्हिंग". वाक्य आटोपशीर होतं, पाट्यांवर तर हेच असतं, गाडी चालवताना मोबाइल वापरू नका या अर्थाचं. पण त्याला एक अट आहे, जो कर्ता गाळलाय तोच मुख्य वाक्याचाही कर्ता पाहिजे. "व्हाइल कमिंग फ्रॉम कागल, आय सॉ अ डॉग", येणारी मी, बघणारी मी, चाललं. "व्हाइल कमिंग फ्रॉम कागल, अ डॉग केम इन फ्रंट", मुख्य वाक्याचा कर्ता कुत्रं, म्हणून येणारंही कुत्रंच ठरतं. मराठीच्या '-ताना' ला ही अटच नाही, म्हणून आपल्या कानाला यात काही खटकत नाही. दुरुस्ती सोपी आहे, कर्ता परत आत घाला: "व्हाइल आय वॉज कमिंग फ्रॉम कागल, अ डॉग रॅन इन फ्रंट ऑफ मी." सुरुवातीला 'आय वॉज' एवढे दोन शब्द वाढले, कुत्रं गाडीवरनं उतरलं. ही चूक फक्त आपलीच नाही बरं का, जन्मापासनं इंग्रजी बोलणारे लोकही करतात आणि त्यांचे मास्तरही त्यांना त्यासाठी टोकतात.

पण मराठीच्या सैलपणाचा आपल्यालाही कधी कधी फटका बसतो. "मी त्याला क्लासवरनं येताना बघितलं." येत कोण होतं? मी का तो? दोन्ही अर्थ निघतात, आणि घरात यावरनं वाद झालेले मी ऐकलेत, कारण तो क्लासला गेलाच नव्हता असं नंतर कळलं आणि आई म्हणतेय तूच तर म्हणालीस की येताना बघितलं. इंग्रजीत हे दोन अर्थ दोन वाक्यांत जातात. "आय सॉ हिम कमिंग फ्रॉम क्लास" म्हणजे येणारा तो. "आय सॉ हिम व्हाइल आय वॉज कमिंग फ्रॉम क्लास" म्हणजे येणारी मी. मला हे वाक्य फार आवडतं, कारण इथं पोरांना पहिल्यांदा जाणवतं की इंग्रजी आपल्याला उगाच छळत नाहीय, कुठंतरी ती एक गोष्ट स्पष्ट करून देतेय जी आपल्याला हातवाऱ्यानं नाहीतर पुढच्या वाक्यानं सांगायला लागते.

दुसरी मोठी अडचण '-ऊन' ची. जेवून आलो, बघून सांगतो, हसून म्हणाला, हातात पिशवी घेऊन उभी होती. दिसायला सगळं सारखं पण पहिल्या दोन ठिकाणी आधीची क्रिया संपली, मग दुसरी झाली, आणि शेवटच्या दोन ठिकाणी दोन्ही एकत्र चालू आहेत. हसणं संपवून मग तो म्हणाला नाही, हसत हसतच म्हणाला. इंग्रजीत यांचे रस्ते वेगळे. संपलेली असेल तर "आफ्टर ईटिंग" नाहीतर "हॅविंग ईटन", आणि चालू असेल तर नुसतं आयएनजी, "शी स्टूड देअर, होल्डिंग अ बॅग". म्हणून "ईटिंग लंच, आय केम टु क्लास" लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं ताट हातात घेऊन जेवत जेवत क्लासला आलात. स्वतःला एकच विचारायचं, पहिलं काम संपलं होतं का चालू होतं? जिथं मराठीत '-ऊन' च्या जागी 'हसत हसत', 'रडत रडत' असं दुहेरी रूप बसतं तिथं बेधडक आयएनजी.

यातच 'बसणं' येतं, ते जरा वेगळं आहे. "ही वॉज सिटिंग" म्हणजे "तो बसत होता" नव्हे, "तो बसलेला होता". बसत होता म्हणजे गुडघे वाकवून खाली टेकत होता, ती दोन सेकंदांची गोष्ट. सिट, स्टँड, लाय, वेअर यांची आयएनजीची रूपं बहुतेक वेळा बसलेला, उभा, पडलेला, घातलेला अशी समजायची. "शी केम इन वेअरिंग अ रेड साडी", लाल साडी नेसत नेसत आली नाही, नेसून आली. इथं '-ऊन' आहे आणि नेसणं संपलंय, तरी साडी अंगावर आहे म्हणून आयएनजी. हे एकदा समजलं की फोटोचं वर्णन करायचा प्रश्न पोरं चटकन सोडवतात.

भविष्यकाळाची चूक तर एवढी पसरलीय की ती चूक आहे हेच कुणाला पटत नाही. "व्हेन आय विल कम, आय विल टेल यू." मराठीत "मी येईन तेव्हा सांगेन" असतं, दोन्हीकडं भविष्यकाळ, मग इंग्रजीत का नको? कारण व्हेन, व्हाइल, ॲज, अंटिल यांनी वेळ दाखवली की त्यांच्या पोटात विल घालत नाहीत, साधा वर्तमानकाळ घालतात. "व्हेन आय कम, आय विल टेल यू." "व्हाइल यू आर इन मुंबई, आय विल लुक आफ्टर द शॉप." भविष्याचं ओझं मुख्य वाक्य एकटं उचलतं, गौण वाक्याला त्याची गरज नाही. तीच गत जेव्हा-तेव्हाची. मराठीत जोडी लागते, जेव्हा आलं की तेव्हा येणारच, संस्कृतातल्या यदा-तदापासनं ही जोडी चालत आलीय, जसं-तसं, जोवर-तोवर, जिथं-तिथं. इंग्रजीत जोडीतला एकच पुरतो. "व्हेन इट रेन्स, देन द रोड गेट्स ब्लॉक्ड" यातला देन काढून टाका.

आणि हो, अंटिल. "तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही", यात मराठीत दोन 'नाही' आहेत आणि दोन्ही पाहिजेत. इंग्रजीत अंटिलच्या आत नॉट घातला तर अर्थच फिरतो. "आय वोन्ट ईट अंटिल ही कम्स." येत नाही तोपर्यंत, पण लिहायचं 'कम्स'. माझ्या अनुभवात ही एक सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, महिना-महिना जातो, आणि मी पोरांना रागवत नाही कारण मराठी डोक्यात ते 'नाही' इतकं खोल बसलंय.

लहानपणाचं तेवढं सांगते, "मी लहान असताना" हे बघून लगेच व्हाइल लिहितात, तिथं व्हेन पाहिजे. वय, आयुष्यातला एक टप्पा सांगायचा असेल तर "व्हेन आय वॉज अ चाइल्ड".

ड्युरिंगच्या पुढं नाम येतं, वाक्य नाही, "ड्युरिंग द मीटिंग" बरोबर, "ड्युरिंग आय वॉज इन मीटिंग" चूक. मीनव्हाइलनं दोन वाक्यं जोडली जात नाहीत, ते 'दरम्यान' आहे, नवीन वाक्याच्या सुरुवातीला येतं. स्वल्पविराम गौण वाक्य आधी आलं तर मध्ये द्यायचा, नंतर आलं तर सहसा नको.

एक हत्यार मात्र आपल्याकडं फार दुर्लक्षित राहतं, विथ. "टीव्ही चालू ठेवून झोपला" याचं इंग्रजी करताना पोरं 'कीपिंग टीव्ही ऑन' असं काहीतरी करतात. साधं आहे, "ही स्लेप्ट विथ द टीव्ही ऑन." क्रियापदच नको. दार उघडं टाकून, डोळे मिटून, तोंडात घास असताना, हे सगळं विथनं होतं. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी आलं आणि गाड्यांच्या रांगा लागल्या, त्याची इंग्रजी बातमी अशी सुरू होऊ शकते: "विथ द हायवे अंडर वॉटर, ट्रक्स स्टूड इन लाँग लाइन्स." हायवे पाण्याखाली असल्यानं, असताना, दोन्ही अर्थ त्या एका विथमध्ये आले.

व्हाइलचा वेळेशी संबंध सुटलेला अर्थही माहिती पाहिजे, नाहीतर वाचताना फसगत होते. "व्हाइल गगनबावडा गेट्स हेवी रेन, शिरोळ गेट्स व्हेरी लिटल." इथं एकाच वेळी असं सांगायचं नाहीय, तुलना आहे, गगनबावड्याला धो धो पाऊस पडतो, तर शिरोळला अगदी थोडा. मराठीत 'तर' म्हणतो आपण. दोन्ही बाजूंना कायमच्या गोष्टी असल्या आणि मध्येच काही घडत नसलं तर तो व्हाइल 'तर' समजा.

शेवटी बॅचला मी एक वाक्य घरी करायला देते, खासबागेतलं. शाहू महाराजांनी 1912 ला बांधलेलं ते कुस्तीचं मैदान, आखाडा खाली आणि माणसं चारी बाजूंनी वरपर्यंत बसलेली. वाक्य असं: "हलगी कडाडत होती, दोघं पैलवान एकमेकाला जोखत फिरत होते आणि बघता बघता एकानं दुसऱ्याला चितपट केलं." पहिल्या दोन रेघा, त्या वॉज आणि वेअरनं होतात. 'जोखत फिरत' मध्ये दोन्ही काम त्याच पैलवानांचं, म्हणून कर्ता न सांगता आयएनजी, "द टू रेसलर्स वेअर सर्कलिंग, सायझिंग ईच अदर अप". चितपट हे टिंब, त्याच्या आधी 'तेवढ्यात' वाला व्हेन बसतो. राहिलं 'बघता बघता'. दरवर्षी कुणीतरी "व्हाइल वॉचिंग" लिहून आणतं, आणि मग परत तीच भानगड, बघणारे आपण आणि चितपट करणारा तो. शिवाय इथं बघणं ही क्रियाच नाहीय, 'कळायच्या आत' असा अर्थ आहे. त्याला इंग्रजीत "बिफोर वुई न्यू इट" म्हणतात, आणि यात वर सांगितलेल्यातलं व्हाइल, ॲज, विथ काहीच लागत नाही. गेल्या खेपेला तालमीत जाणाऱ्या एका पोरानं ते बरोबर आणलं होतं. कसं सुचलं विचारलं तर म्हणाला, मॅडम, मी खाली पडलोय तसा, कधी पाठ टेकली कळतच नाही.